हिराबाईंचे गाल आणि माझी सुई

पनवेलमध्ये माझी ओळख ‘मुरुमांची डॉक्टर’ अशी आहे. पाटीवर ‘त्वचारोगतज्ज्ञ’ असं ठळक लिहिलंय, खाली पदव्यांची शेपटीही आहे. पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना पेशंट म्हणतात, ‘मच्छी मार्केटच्या मागे, ती मुरुमांची डॉक्टर.’ पहिली काही वर्षं मला याचा राग यायचा. आता फोनवर मी स्वतःच तसं सांगते. लोक लवकर पोहोचतात.

या दिवाळीनंतर मी आठवड्यातून तीनच दिवस दवाखान्यात बसणार आहे. एकोणतीस वर्षं लोकांचे चेहरे अगदी जवळून, भिंगातून बघितले. आता जरा लांबून बघावेत म्हणते. त्याआधी माझ्या कामाबद्दल चार गोष्टी सांगते, कारण मी नेमकं काय करते हे माझ्या सख्ख्या जावेलाही अजून नीट कळलेलं नाही.

मुरुम आज ना उद्या बरा होतो. खरं दुखणं म्हणजे त्याच्यामागे राहणारा खड्डा. खोल मुरुम बरा होताना कातडीखाली चिवट धागे तयार होतात आणि ते वरच्या कातडीला खाली ओढून धरतात. गादीवाला गादीला टाके मारतो ना, तसं. टाका बसला तिथे खळगा पडतो. वरून कितीही क्रीम चोळा, टाका काही सुटत नाही. मी काय करते, तर ती जागा बधिर करून बाजूने एक धारदार सुई कातडीखाली सरकवते आणि आडवी फिरवत ते धागे एकेक करून कापते. वर सुईच्या टोचणीएवढं भोक, बाकी काही नाही. धागा तुटला की कातडी मोकळी होते, खाली थोडं रक्त साचतं, हळूहळू नवी भर धरते आणि खळगा उथळ होत जातो. एका बैठकीत हे होत नाही, तीन-चार वेळा यावं लागतं. आणि सगळेच खड्डे भरत नाहीत. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येकाला दोनदा सांगते. प्रत्येक जण दोनदा मान हलवतो आणि जिना उतरेपर्यंत विसरतो.

धागा तुटताना ‘कर्र’ असा आवाज येतो. मला तो बोटांना कळतो, पेशंटला थेट कानात ऐकू येतो. दुखत नाही, पण आपल्याच गालातून असा आवाज आलेला कोणाला आवडेल? पळस्पे फाट्यावर धाबा चालवणारे एक गृहस्थ आले होते. भरघोस मिशा, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक दचकावेत. ‘डॉक्टर, बिनधास्त करा, आपल्याला कशाची भीती नाही,’ म्हणाले आणि पहिल्याच ‘कर्र’ला शुद्ध हरपून पडले. पाय वर केले, पाणी मारलं, पाच मिनिटांनी डोळे उघडले. बाहेर बायकोला सांगितलं, ‘इतकं छान चाललं होतं, मला झोपच लागली.’ खारघरचा एक इंजिनीअर घरून काम करायचा. त्याला फक्त डावा गाल करून हवा होता, कारण लॅपटॉपच्या मीटिंगमध्ये खिडकीचा उजेड डाव्या गालावर पडतो. ‘उजवा प्रमोशननंतर बघू,’ म्हणाला. त्याला खुर्चीची जागा बदलायला सांगितलं आणि परत पाठवलं.

ही विद्या मला कॉलेजात कोणी शिकवली नव्हती. चाळिशी उलटल्यावर मुंबईला जाऊन शिकले आणि घरी कोंबडीच्या तंगडीवर सराव केला. कातडी आणि मांस यांच्या मधला तो पातळ पदर हाताला ओळखता आला पाहिजे. सुई वर गेली तर कातडी फाटते, खाली गेली तर नको तिथे रक्तस्राव होतो. त्या महिन्यात आमच्या घरी रोज रस्सा होता. शेवटी नवरा म्हणाला, ‘तू पास झालीस असं मी लिहून देतो, आता वरण-भात कर.’

आता हिराबाईंबद्दल.

त्या आल्या गेल्या वर्षी श्रावणात, दुपारी, बरोबर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी घेऊन. हिराबाई आमच्याच मार्केटात मासे विकतात. उरणकडच्या कोळणी. सकाळी गावच्या टेम्पोतून येतात, संध्याकाळी नवरा काशिनाथ न्यायला येतो. काशिनाथ जेट्टीवरच्या लाँचवर खलाशी. मुलगी सुप्रिया कॉलेजात. तिच्या कपाळावर दोन छोट्या पुटकुळ्या होत्या. मी सवयीने तिच्याकडे वळले आणि तेलकट खाऊ नको, सारखा हात लावू नको, असं सुरू केलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, माझं नाही. आईचं दाखवायचंय.”

हिराबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. बोलताना त्या समोरच्याकडे पूर्ण तोंड करत नसत, जरा तिरकं बसत. मी दिवा बाजूला घेऊन गालांवर तिरपा उजेड पाडला. दोन्ही गालांवर आणि कानशिलांजवळ खोल, गोल, जुने खड्डे. पंचवीसेक वर्षांपूर्वीचे तरी असावेत.

“आत्ताच का आलात?” मी विचारलं.

“श्रावन हाय. गिऱ्हाईक नाय,” त्या म्हणाल्या.

मला हे उत्तर पुरेसं वाटलं. मी गादी आणि टाक्यांची गोष्ट सांगायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं.

“म्हंजी मुशीचा मासा सोलताना कातड्याखालून सुरी फिरवतो, तसा. फक्त कातडा काढायचा नाय.”

एकोणतीस वर्षांत माझं काम इतक्या थोडक्यात कोणी समजून घेतलं नव्हतं. पुढे त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि मुलीला म्हणाल्या, “हात हलका हाय. होईल.”

त्या गुरुवारी पहिली बैठक झाली. शमीम, माझी नर्स, गेली सतरा वर्षं माझ्याकडे आहे. तिने हिराबाईंना सगळे प्रश्न विचारले. साखर आहे का, बीपी आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. सगळ्याला ‘नाय’. सुई फिरत असताना हिराबाई एकदाही हलल्या नाहीत. ‘कर्र’ झालं की उलट ‘सुटला’ म्हणायच्या.

कानशिलाजवळ मात्र रक्त थांबायला वेळ लागला. दहा मिनिटं दाबून धरलं, बर्फ लावला. तेव्हा कुठे कळलं की गुडघे दुखतात म्हणून त्या मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून रोज घेत होत्या. “ती कुठं रक्ताची गोळी हाय? ती गुडघ्याची हाय,” त्यांचं म्हणणं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. शमीमचंही नाही. ‘दुखण्याची कुठली गोळी घेता का’ हा प्रश्न आमच्या कागदावरच नव्हता आणि तो कागद मी तयार केला होता. दुसऱ्याच दिवशी तो प्रश्न मी वर चढवला. असो. मी सांगितलं, सूज येईल, रक्त खाली उतरून डोळा काळानिळा होईल, घाबरू नका, आठवडाभर घरी राहा.

हिराबाई दोन दिवस घरी राहिल्या. तिसऱ्या दिवशी मार्केटात जाऊन बसल्या.

त्या दिवशी साडेबारा-एकच्या सुमारास मी एका मुलाच्या डोक्यातला कोंडा बघत होते. शमीम आत आली. ती सहसा घाबरत नाही.

“मॅडम, बाहेर जरा हंगामा आहे.”

बाहेर सात-आठ कोळणी उभ्या होत्या. हातातलं काम तसंच टाकून आलेल्या, कोणाच्या हाताला अजून खवले चिकटलेले. मध्ये हिराबाई, उजवा डोळा मिटलेला, जांभळा, खाली गालापर्यंत हिरवट छटा उतरलेली. माझ्या बाकावर खारघरच्या कॉलेजची चार मुलंमुली तोंडाला मास्क लावून बसली होती, ती भिंतीला चिकटली होती. आणि सगळ्यांच्या मागे, दाराबाहेर चपला काढून, एक किडकिडीत माणूस मान खाली घालून उभा होता. तो काशिनाथ.

पुढे होती यमुनाबाय. साठीची, नाकात मोठी नथनी, मार्केटातल्या बायकांची पुढारी.

“लिवून द्या,” ती म्हणाली.

“काय लिहून देऊ?”

“हिला नवऱ्यानं मारलाय म्हनून. पोलीस डाक्टरचा कागद मागतात. आमी सरकारी दवाखान्यात नेत होतो, तर ही बोलते, जाईन तर त्याच बाईंकडं जाईन.”

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. त्यातून मला समजलं ते असं. हिराबाई सकाळी काळा डोळा घेऊन बसल्या. बायकांनी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, मोरीत पाय घसरला. कोणाचाही विश्वास बसला नाही. नेमका त्या दिवशी काशिनाथ सुट्टी म्हणून दुपारीच आला, तशी बायकांनी त्याला टेम्पोपाशी घेरलं. त्याला जाब विचारला, शिव्या घातल्या, एकीने त्याच्या डोक्यावर रिकामी पाटी आपटली. आणि त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. मी मारलं नाही, एवढंसुद्धा म्हणाला नाही.

“बघा आता! तोंड हाय का त्याला बोलायला?” यमुनाबाय म्हणाली.

मी काशिनाथकडे बघितलं. “तुम्हाला काही सांगायचंय का?”

“मला काय नाय सांगायचा,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

आता माझी पंचाईत झाली. पेशंटने काय उपचार घेतले हे त्याच्या परवानगीशिवाय तिसऱ्या माणसाला सांगायचं नाही, हा आमच्या पेशातला नियम. एरवी तो पाळायला फारसं काही लागत नाही. त्या दिवशी तो पाळला तर एक निरपराध माणूस पोलीस चौकीत जाणार होता. मी हिराबाईंकडे बघितलं. त्या परत कॅलेंडरकडे बघत होत्या.

“अहो, घसरल्याही असतील,” मी आपलं काहीतरी म्हणाले.

यमुनाबाय माझ्याजवळ आली. आवाज एकदम खाली आणून म्हणाली, “डाक्टरबाई, मोरीत पडलेला डोळा मला नका शिकवू. मी अकरा वर्सं मोरीतच पडत होते.”

ही बाई उगाच भांडायला आलेली नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्या वेळी कोणी आलं नव्हतं, म्हणून ती आज सात जणींना घेऊन आली होती.

“मी यांना आत नेऊन तपासते,” मी म्हणाले. “एकटीला.”

आत गेल्यावर दार लावलं. शमीमने बर्फाची पिशवी हिराबाईंच्या डोळ्यावर धरली.

“हिराबाई, सांगून टाका ना. त्या काशिनाथला चौकीत नेतील.”

“हसतील.”

“हसू देत की. तुम्ही काय चोरी केलीय?”

त्यांनी पिशवी बाजूला केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ, पूर्ण तोंड करून बघितलं. एक डोळा उघडा, एक बंद.

“मी पयले पन आलेली तुमच्याकडं. तुमी तरुन होता. सुप्रिया पोटात होती तवा. तुमी बोललात, खड्ड्याला औषध नसतो. मी बोलले, दुसरा काय करता येईल? तुमी हसलात आनि बोललात, लगीन झालाय ना तुमचा? मग आता कोनाला दाखवायचाय चेहरा?”

मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. औषध नव्हतं हे खरं होतं, निदान मला तेव्हा येत नव्हतं. पण पुढचं वाक्य? मी खूप आठवायचा प्रयत्न केला आणि मग वाटलं, आठवत नाही याचा अर्थ ते मी एकदाच बोललेले नसणार. गमतीने, सहज, बाहेर रांग आहे म्हणून घाईत, किती जणींना बोलले असेन कोण जाणे.

“वीस वर्सं मी कोनाला बोलले नाय,” हिराबाई म्हणाल्या. “डाक्टर हसली, तर ह्या बाया काय करतील? सुप्रियाला मोबाइलवर दिसला, ती बोलली आई, आता होतो इलाज. तिनं ओढून आनला. मी त्याला शप्पत घातली, मार्केटात कोनाला सांगायचा नाय. म्हनून तो गप हाय.”

शमीमने माझ्याकडे बघितलं. सतरा वर्षांत तिने मला रागावलेलं बघितलंय, दमलेलं बघितलंय. असं बघितलं नसावं.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “तुमचा चेहरा तुम्हाला हवा तसा करून घ्यायला कारण लागत नाही. मी हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.”

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, परत काढला, आणि उठून दार उघडलं.

“कोनी मारला नाय,” बाहेर जाऊन त्या म्हणाल्या. खड्या आवाजात, पापलेटचा भाव सांगतात तशा. “मी सोताच करून घेतलाय. गालाचं खड्डे काढायला. ह्या बाईंनी सुई घातली. मोरीत नाय पडले, आनि त्यानं हात नाय लावला.”

सात-आठ जणी त्यांच्या गालांकडे बघत होत्या. यमुनाबायने आधी हिराबाईंकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे बघितलं.

“सोताच्या पायानं येऊन? असा डोळा करून घ्यायला?”

कोणीतरी फिसकन हसलं. हिराबाईंचा चेहरा पडलाच होता, तेवढ्यात बाकावरची एक मुलगी उठली. तिने मास्क खाली ओढला. आदल्या दिवशीच तिच्या दोन्ही गालांवर मी सुई फिरवली होती. गाल टम्म फुगलेले, जागोजागी निळे ठिपके. “मावशी, मीपण तेच केलंय,” ती म्हणाली. “दोन-तीन आठवड्यांत जातं.” तिच्या शेजारच्या मुलानेही मास्क काढला. त्याचं अजून व्हायचं होतं, पण भरात काढला असावा.

यमुनाबायने त्या मुलीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, मासा ताजा आहे का बघतात तसा. मग हिराबाईंचा. “दुखला का गं?” तिने विचारलं. “नाय. आवाज येतो फक्त.” “कसा?” हिराबाईंनी तोंडाने ‘कर्र’ करून दाखवलं आणि सगळ्या हसल्या, हिराबाईंसकट. हे हसणं वेगळं होतं. ते कळायला वीस वर्षं लागली त्यांना, आणि मलाही.

मग यमुनाबाय काशिनाथकडे वळली. “आनि तू रे? तुझी जीभ काय मांजरानं नेली का? एवढा मार खाल्लास, बोलला का नायस?”

“तिनं शप्पत घातलेली.”

“चौकीत नेला असता तर?”

काशिनाथने जरा विचार केला. “तिथं पन नसतो बोललो. पन तिला डबा आनायला सांगितला असता.”

यमुनाबायने माफी वगैरे मागितली नाही. त्याला दारातून आत आणून मुलांच्या बाकावर बसवलं, खालून चहा मागवला आणि पहिला कप त्याच्या हातात दिला. निघताना ती एकटी मागे राहिली. मी धीर करून विचारलं, “आणि तुमचं? आता...”

“मेला तो,” ती म्हणाली. “तवापासून पाय घसरला नाय.” आणि जिना उतरून गेली.

हिराबाईंच्या पुढे आणखी तीन बैठका झाल्या. गुडघ्याची गोळी आठवडाभर आधी बंद करून. दर वेळी बरोबर मार्केटातली कोणी ना कोणी असायची, आत यायला मिळावं म्हणून शमीमशी हुज्जत घालायची, आणि बैठक झाल्यावर खाली जाऊन तिखटमीठ लावून सांगायची. मार्केटात आता माझ्या सुईबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

परवा शेवटच्या तपासणीला हिराबाई आणि काशिनाथ दोघं आले होते. खरं सांगायचं तर निम्म्याहून थोडं जास्त काम झालंय. मोठे खळगे उथळ झाले, गाल सपाट दिसतात. कानशिलाजवळचे दोन बारीक, खोल खड्डे होते तसेच राहिलेत. ते सुईने जाणारे नव्हते, हे मी दोनदा सांगितलं होतं. हिराबाईंनी त्यांच्यावरून बोट फिरवलं. “हे दोन ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या. “ओळख पटायला पायजे.”

“तुम्हाला कसं वाटतं?” मी काशिनाथला विचारलं.

तो गोंधळला. बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “मला काय कळत नाय. मला पयलेपासून आशीच दिसते.”

“ह्याला इचारू नका,” हिराबाई म्हणाल्या. पण गाल फुगवून हसल्या.

मी कॉम्प्युटरवर त्यांचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले, पहिल्या दिवशीचा आणि नुकताच काढलेला. पेशंटला फरक दिसावा म्हणून आम्ही असं करतो. बहुतेक जण आधी उजवीकडचा नवा फोटो बघतात, त्यावर बोट ठेवतात, मोठा करून बघतात. हिराबाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि डावीकडचा बघत राहिल्या. बराच वेळ. मला काळजी वाटायला लागली.

“ही पन बरी होती की हो,” त्या शेवटी म्हणाल्या. “उगाच इतकी वर्सं तोंड फिरवून बसली.”

फाइल बंद करावी म्हणून मी माउसकडे हात नेला.

“थांबा,” त्या म्हणाल्या. मोबाइल पुढे केला. “दोनी पाठवा मला. नुसता नवीन नको. दोनी.”